मदत हवी आहे: आईला कामापुरतं जर्मन मराठीतून कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. बहिणीच्या बाळंतपणासाठी आई दिवाळीनंतर श्टुटगार्टला जाणार आहे. आम्ही चोपड्याकडचे. घरात अहिराणी, बाहेर मराठी. आईला इंग्रजी येत नाही आणि मी बघितलेली सगळी ॲप्स इंग्रजीतून शिकवतात. दाजी दिवसभर कामावर, बहीण बाळात अडकलेली, म्हणजे दूध-भाजी आणायला आईच बाहेर पडणार. व्हिसा 90 दिवसांचा. गावात एकटी आठवडे बाजार करून येणारी बाई तिथे भाषेपायी घरात बसून राहावी, हे मला अजिबात पटत नाही.

"काय बोलानं मी तठे?" हे तिचं रोजचं. म्हणून वहीत देवनागरीत लिहून द्यायला लागलोय. गुटन टाग (नमस्कार), बिटं (प्लीज), डांकं (धन्यवाद), आणि अडलंच तर 'इश श्प्रेशं काइन डॉइच', म्हणजे मला जर्मन येत नाही. आकडे तिला पटकन जमतात, कारण तिथेही एकक आधी आणि दशक नंतर. 21 म्हणजे 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश', आपल्या एकवीससारखंच. 'त्स'ला चमच्यातला च लावला की झालं. गाडी अडते ती 5 च्या 'फ्युन्फ'वर. ओठ गोल करून 'ई' म्हणायची असते, ती कानावर पडल्याशिवाय बसणार नाही.

बाळंतिणीसाठी ती खसखस आणि शेपू शोधणारच, म्हणून 'मोन' आणि 'डिल' मोठ्या अक्षरात लिहिलंय. शिवाय भरताची वांगी, म्हणजे 'ओबेरजीनं'. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात हेही सांगून ठेवलंय. ॲम्ब्युलन्सचा 112 पाठ आहे, पण फोन उचलल्यावर पुढे काय? 'बाळाला ताप आहे', 'लवकर या', घरचा पत्ता, ही वाक्यं मला अगदी अचूक हवी आहेत. इथे अंदाजपंचे चालणार नाही.

जाणकारांनो, मराठीतून बोलून शिकवणारं कोणी ऑनलाइन आहे का? व्याकरण नको, फक्त बोलणं. फी देऊ. आणि त्या भागात श्वेबिश ही जर्मनची बोली चालते. पुस्तकी वाक्य हिने म्हटलं, तरी दुकानदाराचं उत्तर हिला कळेल का? की सुरुवातीपासून 'ग्रुस गॉट' हा तिकडचा नमस्कारच शिकवू? तिकडे राहणाऱ्या कोणी रोजची दहा-बारा वाक्यं सावकाश बोलून रेकॉर्ड करून पाठवली तर फार उपकार होतील. आई ती स्वयंपाक करताना ऐकेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.