मध्यस्थीच्या प्रार्थनेत अन्याय आणि आपत्ती यांविषयी नेमके काय मागावे?

गोदाकाठ (प्रश्न)

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेतील मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे इतरांसाठी देवाकडे केलेली विनंती, आजवर पाळकसाहेबच करीत आले. येत्या महिन्यापासून ती सभासदांनी आळीपाळीने करावी असे ठरले असून पहिली पाळी माझी आहे. 'सामाजिक न्याय आणि संकटात सापडलेले लोक' हा विषयही मला नेमून दिला आहे.

तयारीसाठी मी बऱ्याच छापील प्रार्थना वाचल्या, पण त्यांतील बहुतेक दोनच साच्यांत बसतात. पहिल्या साच्यात 'जगातील सर्व दुःखितांचे सांत्वन कर' अशी वाक्ये असतात. ती कोणत्याही वर्षी, कोणत्याही गावी चालतात आणि म्हणूनच कोणालाही लागत नाहीत. दुसऱ्या साच्यात वर्तमानपत्रातील मथळे देवाला वाचून दाखवलेले असतात, जणू त्याला बातमी उशिरा कळते. नाशिकमध्ये राहून मला हे दोन्ही प्रकार अपुरे वाटतात. अवकाळी पावसाने तयार द्राक्षबाग हातची जाते, लासलगावला कांद्याचा भाव कोसळतो, उन्हाळ्यात पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर बायका हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरतात, आणि या तिन्हींशी संबंध असलेली माणसे आमच्याच बाकांवर शेजारी शेजारी बसलेली असतात. त्यांत बागायतदार आहेत, मजुरांची शिकलेली मुले आहेत आणि सरकारी नोकरही आहेत.

म्हणून विचारतो, अन्यायाचे नाव घेऊन प्रार्थना करावी काय? केली तर ती भाषण होऊ नये यासाठी काय सांभाळावे? आणि आपत्तीच्या वेळी देवाकडे सुटका मागावी की सहनशक्ती?

शरणपूरचा म्हातारा

आपल्या तिसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण तेथे जुन्या प्रार्थनांचा धोका मोठा आहे. अँग्लिकन परंपरेच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकात दुष्काळ, अतिवृष्टी, युद्ध आणि साथीचे रोग यांसाठी स्वतंत्र प्रार्थना आहेत. त्यांचे मोठे गुण दोन: त्या संकटाला संकट म्हणतात, आणि पाऊस हवा असेल तर आडवळण न घेता पाऊसच मागतात. आजच्या कित्येक गुळगुळीत प्रार्थनांपेक्षा मला हा रोखठोकपणा प्रिय आहे. परंतु त्याच पुस्तकातील दुष्काळाची प्रार्थना असेही म्हणते की, ही टंचाई आम्ही आमच्या पापांमुळे यथान्याय भोगत आहोत. हे वाक्य आज जसेच्या तसे उचलू नये. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभूने स्वतः विचारला आणि 'नाही' असे उत्तरही दिले (लूक १३). २१ एप्रिल २०२१ रोजी आपल्याच शहरात रुग्णालयातील ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून श्वासासाठी झगडणारी माणसे दगावली. त्यांच्या नातलगांसमोर उभे राहून शिक्षेची भाषा कोणी करू शकेल, असे मला वाटत नाही.

सुटका की सहनशक्ती, असे विचाराल तर स्तोत्रकर्ते आधी सुटकाच मागतात. सहनशक्ती ही पीडिताने स्वतःसाठी मागायची गोष्ट आहे. सुखात असलेल्याने दुसऱ्यासाठी ती मागितली तर तिला 'सोस बाबा' असा वास येतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या गावची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने येथे शरणपूरची वस्ती वसवली. हिंदी महासागरात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे आणली गेली, शिकली आणि हातात कसब घेऊन बाहेर पडली. त्यांतीलच जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेतील संशोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला. पुढे शरणपूरमधील बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन येथे गेले. त्या मिशनऱ्यांची साम्राज्याविषयीची सारी मते मला पटत नाहीत, पण गुलामांसाठी केलेल्या त्यांच्या प्रार्थनेच्या पाठीशी छप्पर, शाळा आणि भाकरी होती. शरणपूर रस्त्याने रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

दिंडोरीची शिक्षिका

दादा, आपल्या मंडळीत बागायतदार आणि मजूर दोघेही आहेत, असे आपण लिहिले आहे. मग आपल्यासाठी जुन्या करारातील नहेम्या या पुस्तकाचा पाचवा अध्याय पुरेसा आहे. तेथे दुष्काळ आहे, राजाचा कर आहे, आणि पोट भरण्यासाठी लोकांनी आपली शेते, घरे व द्राक्षमळे गहाण टाकले आहेत. आरोळी परकीयांविरुद्ध उठत नाही. ती आपल्याच यहूदी भाऊबंदांविरुद्ध उठते, कारण सावकार तेच आहेत. नहेम्या संतापतो, मोठी सभा भरवतो आणि द्राक्षमळे आजच्या आज परत करा, व्याज सोडा, असे बजावतो. ते शपथपूर्वक कबूल करतात आणि त्यानंतर सर्व मंडळी 'आमेन' म्हणते. त्या अध्यायातील आमेनची जागा मला फार महत्त्वाची वाटते.

आमच्याकडे ऑक्टोबरच्या छाटणीपासून पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकच्या पाड्यांवरील कुटुंबे बागांच्या कडेला येऊन राहतात. काही मुकादमाकडून उचल घेऊन आलेली असतात, आणि हंगाम संपताना हिशेब कसा होतो यावर त्यांच्या लेकरांची शाळा ठरते. माझ्या वर्गातील हजेरीपट पाहिला तरी तो हिशेब वाचता येतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, ज्यांनी शेते कापली त्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती आरोळी सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे, असे म्हटले आहे. म्हणजे मजुरासाठी प्रार्थना करायला आपण उभे राहण्यापूर्वीच त्याच्या मजुरीने प्रार्थना केलेली असते. आपण फार तर तिच्यात आपला आवाज मिळवतो. जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तर सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी द्यावी अशी आज्ञाच आहे. हे राजकारण आहे असे कोणी म्हटले, तर ते मोशेपासूनचे राजकारण आहे.

लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवाही विसरू नका. सर्वदा प्रार्थना करावी आणि खचून जाऊ नये हे शिकवण्यासाठी प्रभूने जो दाखला निवडला, त्यात एक बाई न्यायाधीशाकडे दाद मागत हेलपाटे घालते. मार्च २०१८मध्ये नाशिकहून निघून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत शेतकरी चालत गेले. त्यांत वनजमिनीचे दावे प्रलंबित असलेले आदिवासी मोठ्या संख्येने होते. २००६चा वनहक्क कायदा हाती असूनही कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना हा दाखला समजावून सांगावा लागत नाही.

नाशिकरोडचा कॅथलिक वाचक

आमच्याकडील पद्धत कदाचित आपल्या उपयोगी पडेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजातून श्रद्धावंतांची प्रार्थना, म्हणजे आमची मध्यस्थीची प्रार्थना, मिस्सामध्ये (आमच्या मुख्य उपासनेत) पुन्हा सुरू केली. तिचा क्रम साधारणपणे असा असतो: प्रथम ख्रिस्तसभेच्या गरजा, मग राज्यकर्ते आणि जगाचे तारण, मग कोणत्याही अडचणीने गांजलेले लोक, आणि शेवटी स्थानिक समुदाय. विनंत्या संयत, थोड्या शब्दांत आणि सर्व समुदायाच्या वतीने असाव्यात, असा नियम आहे. वाचक विनंती वाचतो आणि लोक उत्तर देतात, त्यामुळे ती एकट्या वाचकाची राहत नाही. पाचसहा विनंत्या भरपूर झाल्या.

सुटकेच्या प्रश्नावर माझे मत वरील आजोबांसारखेच आहे, फक्त त्यात विलापाची भर घालतो. २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या सेंट पीटर्स चौकात उभे राहिले, तेव्हा वाचन होते मार्कच्या चौथ्या अध्यायातील वादळाचे, जेथे शिष्य प्रभूला उठवून विचारतात की आम्ही बुडतो याची तुला काळजी नाही काय. हा प्रश्न तक्रारीचा आहे आणि तरीही तो प्रार्थनेत बसतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते. शेवटी आशेची ओळ जोडण्याची घाई स्तोत्रकर्त्याने केलेली नाही. आपत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी ती घाई आपणही करू नये.

जाता जाता एक सूचना. नोव्हेंबरमध्ये भारतातील चर्चेस दलित मुक्ती रविवार पाळतात. १९५०च्या राष्ट्रपती आदेशाखाली दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींत मोडत नाहीत, याबद्दल आपण त्या दिवशी सरकारकडे बोट दाखवतो आणि ते रास्तही आहे. मात्र आपल्याच सोयरिकी जुळवताना काय विचारले जाते, हेही त्याच प्रार्थनेत यायला हवे.

पाळकाचा मुलगा

येथे थोडा विरोध नोंदवतो. मान खाली घालून, डोळे मिटून बसलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही. उपदेश आवडला नाही तर तो दारात पाळकांना तसे सांगू शकतो, पण प्रार्थनेला कोणी हरकत घेत नाही. त्या अवस्थेचा फायदा घेऊन 'प्रभो, आमच्यातील जे मजुरी बुडवतात त्यांना सद्बुद्धी दे' असे म्हणणे म्हणजे देवाकडे तोंड करून शेजाऱ्याला टोमणा मारणे होय. ताईंनी लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवा सांगितली. त्याच अध्यायात तिच्या पाठोपाठ परूशी, म्हणजे स्वतःला धार्मिक समजणारा माणूस, उभा आहे, आणि 'मी या जकातदारासारखा नाही' असे म्हणत तो आपल्या प्रार्थनेत मागच्या जकातदाराचा उल्लेख करतो.

शिवाय बागायतदार म्हणजे सुखी माणूस, असेही कोणी गृहीत धरू नये. बँकेचे कर्ज, औषधांची उधारी आणि माल उचलून पैसे न देता पसार होणारा व्यापारी यांत तोही पिळला जातो. ज्याने त्याचे बुडवले आणि त्याने ज्याचे थकवले, ही एकच साखळी आहे. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी असे नव्या करारातील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगितले आहे आणि त्या वेळी राज्य रोमचे होते, हेही ध्यानात असू द्यावे. प्रार्थना करायची ती त्यांच्यासाठी, त्यांच्याविरुद्ध नव्हे.

दिंडोरीची शिक्षिका

टोमण्याविषयीचे आपले म्हणणे मान्य आहे. त्यावर उपाय नहेम्याच्याच पहिल्या अध्यायात आहे: तो 'त्यांनी पाप केले' असे म्हणत नाही, 'मी व माझ्या बापाच्या घराण्याने पाप केले' असे म्हणतो. 'आम्ही' हे कर्तेपद धरले की वाक्यातून शेजारी निघून जातो. मात्र 'त्यांच्यासाठी' याचा अर्थ 'त्यांना बरे वाटेल असे' होऊ नये. आमोस संदेष्ट्याने न्याय पाण्याच्या लोंढ्यासारखा वाहो असे म्हटले, तेव्हा त्याच श्वासात, गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा, हेही देवाच्या वतीने ऐकवले होते. राजाला ते आवडले असेल असे वाटत नाही.

गोदाकाठ

आपणा सर्वांचा ऋणी आहे. वरील चर्चेच्या आधारे मसुदा केला आहे. प्रत्येक परिच्छेदानंतर मंडळीने 'प्रभो, आमची आरोळी ऐक' असे म्हणावे, अशी योजना आहे.

'हे पित्या, मिसर देशातील तुझ्या लोकांचे कण्हणे तू ऐकलेस. आज पाड्यांवर पाण्यासाठी रात्री जागणाऱ्या आमच्या बहिणींचे ऐक. त्यांना पाणी दे, आणि ज्यांच्या सहीवाचून योजना अडली आहे त्यांना ती आज करण्याची बुद्धी दे.

'गारांनी ज्यांचे वर्ष एका रात्रीत हिरावले त्यांच्याजवळ राहा. कर्जाच्या ओझ्याखाली जो कोणाशीही बोलेनासा झाला आहे, त्याचे दार ठोठावणारा माणूस पाठव, आणि तो माणूस होण्यास आम्हांला तयार कर.

'आमच्या अंगणात, आमच्या बागेत, आमच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्यांचे जे आम्ही थकवले आहे, ते तुझ्यापुढे उघडे आहे. आमची रोजची भाकर मागताना त्यांची भाकर आमच्याकडे अडकून राहू देऊ नकोस.

'ज्यांची माणसे उपचारांवाचून गेली, त्यांना आम्ही कारणे सांगत नाही. त्यांचा प्रश्न आम्ही तुझ्यापुढे ठेवतो. मजुरांना धीर दे, न्यायासाठी चालणाऱ्यांच्या पायांना बळ दे, आणि न्याय देणाऱ्यांना तुझे भय दे.'

दिंडोरीची शिक्षिका

चांगले झाले आहे. 'मजुरांना धीर दे' हे तेवढे काढा. धीर त्यांच्याकडे आहे, त्यांना हिशेब हवा आहे. तेथे 'मजुरांना त्यांचे दाम वेळेवर मिळू दे' असे लिहा. स्वयंपाकघराचा उल्लेख ठेवलात हे बरे केले, कारण त्यामुळे बाग नसलेलेही प्रार्थनेतून सुटत नाहीत.

शरणपूरचा म्हातारा

चौथ्या परिच्छेदात 'त्यांचा प्रश्न आम्ही तुझ्यापुढे ठेवतो' यानंतर प्रतिसाद लगेच घेऊ नका, अर्धा मिनिट थांबा. पेटीवाल्यास आधी सांगून ठेवा, नाहीतर तो शांतता पाहून सूर धरतो. आणि शक्य असेल तर तिसरा परिच्छेद बागायतदारांपैकीच कोणाकडून तरी वाचून घ्या, पण मसुदा त्यांना आठवडाभर आधी देऊन, त्यांची संमती घेऊन.

गोदाकाठ

दोन्ही दुरुस्त्या केल्या आहेत. एका बागायतदार काकांना मसुदा पाठवला. वाचायला ते तयार आहेत, मात्र 'थकवले आहे' या शब्दांपुढे 'आणि जे आमचे थकले आहे' हेही जोडावे असे त्यांचे म्हणणे पडले. पाळकाच्या मुलाने सांगितलेल्या साखळीला धरून ते मला योग्य वाटते, म्हणून जोडतो आहे.