सिंहस्थाचा खर्च मान्य, पण प्रश्न विचारला तर धर्मद्रोही?

गोदाकाठ:
नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी रस्ते, पूल, घाट व्हायलाच हवेत. २००३ मध्ये पंचवटीतल्या अरुंद गल्ल्यांत चेंगराचेंगरी होऊन तीसच्या वर भाविक गेले. बंदोबस्तात काटकसर करा, असं कोण म्हणेल? माझा आक्षेप वेगळा आहे. सरकारी कामाला ‘धर्मकार्य’ म्हटलं की हिशोब मागणारा थेट देवाचा वैरी ठरतो. गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ मध्ये, साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या तंबूंच्या वसाहतीसाठी, तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला. लोक एवढंच विचारत होते, की तंबू दुसरीकडे लागतील का? त्यावर उत्तर काय, तर ‘तुम्ही हिंदूविरोधी’. उड्डाणपुलाच्या टेंडरवर बोललं तर निदान धर्म तरी निघत नाही!

पंचवटीकर:
हज अनुदान २०१८ पर्यंत चालू होतं, तेव्हा कुठे होता हा बाणा? कुंभावर नाशिकचा रिक्षावाला, फुलवाली, लॉजवाला सगळे जगतात. सरकारने केलं तर बिघडलं कुठे?

गोदाकाठ:
ते अनुदान टप्प्याटप्प्याने बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ लाच सांगितलं होतं. बंद झालं, उत्तम झालं. आता झाडांबद्दल बोलू या का?

सातपूरवाला:
एकाच पक्षाला झोडपू नका हो. जानेवारी २०२४ मध्ये इथल्या काळाराम मंदिरात १२ तारखेला पंतप्रधान आले, २२ ला उद्धव ठाकरे. रामराया बिचारा कोणाला नाही म्हणणार? धर्माच्या नावाने मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार भ्रष्ट आचरण आहे. त्यात मतदाराचा धर्मही येतो, असा निकाल २०१७ मध्ये सात न्यायाधीशांनी ४ विरुद्ध ३ ने दिला. पण गाभाऱ्यापर्यंत कॅमेरा नेला की मत वेगळं मागावं लागतंच कुठे?

येवल्याची लेक:
‘सरकारने धर्मात पडू नये’ एवढ्यावर हा धागा जाऊ नये म्हणून लिहितेय. त्याच काळारामासमोर २ मार्च १९३० ला दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं रेटला, तरी दार उघडलं नाही. १९३५ ला आमच्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली ती त्यानंतर. शेवटी कायदाच करावा लागला. देवळं सगळ्या हिंदूंना खुली करायचा अधिकार घटनेच्या कलम २५ ने सरकारला दिलाय, आणि तो हवाच.

गोदाकाठ:
ताई, शंभर टक्के. तिथे सरकार अडवलेल्या माणसाच्या बाजूने उभं राहिलं. इथे अडवला जातोय प्रश्न विचारणारा. हस्तक्षेप म्हणून दोन्ही एकाच मापात कसे घालायचे?

पंचवटीकर:
भाषण छान. पण साधूंना स्नानासाठी रामकुंडाशी चालत पोचता यायला हवं. तपोवन नको, तर जागा सुचवा. मी नकाशा उघडून बसलोय.