मदत हवी आहे: भाचीला रीतसर कार्टिंग शिकायचंय, पण कार्टला हेलो आणि पट्टे का नसतात?

मंडळी, नमस्कार. मी फोंड्याचा. फॉर्म्युला वन बघणारे इथे पुष्कळ आहेत, पण आज मला जास्त करून ज्यांनी स्वतः कार्ट (शर्यतीची छोटी, उघडी गाडी) चालवली आहे किंवा आपल्या मुलांना ट्रॅकवर नेलं आहे त्यांची मदत हवी आहे.

माझी भाची म्हापशाला असते, आठवीत आहे. रविवारी संध्याकाळी माझ्याबरोबर शर्यती बघायची तिला लहानपणापासून सवय. 2023 मध्ये मुलींसाठी एफ वन अकादमी ही शर्यतमालिका सुरू झाली आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. भाड्याच्या कार्ट चालवून झाल्या, आता नीट शिकायचंय, सुट्टीत कोइमतूरला शिबिराला जायचंय. बहीण तयार नाही.

तिला पटावं म्हणून मी 2020 ची बहरीनची शर्यत दाखवली. रोमां ग्रोजाँची गाडी लोखंडी कठडा फोडून आत घुसली, तिचे दोन तुकडे झाले, भडका उडाला. 67 जी चा (गुरुत्वाकर्षणाच्या 67 पट) धक्का खाऊन, जवळपास अर्धा मिनिट आगीत राहून तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. हात भाजले, जीव वाचला, आणि तो हेलोमुळे, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीच्या संरक्षक कमानीमुळे, वाचला असं तो स्वतः म्हणाला. बहिणीने शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाली, "जो बाहेर आला तो दाखवतोस. जे आले नाहीत त्यांचं काय?"

प्रश्न रास्त होता, म्हणून मी काही लपवलं नाही. 30 एप्रिल 1994 ला इमोलाला रोलांड रात्झेनबर्गर गेला, दुसऱ्या दिवशी तिथेच आयर्टन सेना. मग वीस वर्षं शर्यतीच्या आठवड्यात एकही फॉर्म्युला वन चालक दगावला नाही, पण त्याच काळात 2000 मध्ये मोंझाला आणि 2001 मध्ये मेलबर्नला उडालेल्या चाकांनी मार्शलचे, म्हणजे ट्रॅकच्या कडेला उभ्या मदतनिसांचे, जीव घेतले. 2014 मध्ये सुझुकाला पावसात ज्यूल बियांकीची गाडी दुसरी गाडी उचलायला आलेल्या क्रेनखाली गेली, तो पुढच्या जुलैत वारला. आणि 2019 मध्ये स्पाला फॉर्म्युला टू मध्ये (फॉर्म्युला वनच्या खालची पायरी) आंत्वान ह्युबेर. त्याच्या गाडीला हेलो होता. दुसरी गाडी भरधाव येऊन बाजूने आदळली, तिथे हेलो काय करणार?

त्यात 2023 च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर मोटारसायकल शर्यतीत 13 वर्षांचा मुलगा गेला, ती बातमी बहिणीने वाचलेली आहे. भाचीचं वय तेच.

हे सगळं भाची ऐकत होती. तिने विचारलं, "मामा, एवढं करून मग आमच्या कार्टला हेलो का नाही? पट्टासुद्धा नाही." मला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी सांगावं. आणि ट्रॅक चांगला की वाईट हे आमच्यासारख्याने कशावरून ओळखायचं, तेही सांगा. आपल्याकडच्या एका ट्रॅकवर तिला दिलेलं हेल्मेट मान हलवली की डोक्यावर गोल फिरत होतं, तेव्हापासून माझंही मन थाऱ्यावर नाही.

प्रतिसाद: वास्कोचा कार्टवाला

दादा, भाचीचा प्रश्न अगदी नेमका आहे. मी बंगळुरूला नोकरीत असताना काही वर्षं कार्ट शर्यतींत उतरलो आहे, तेवढ्या अनुभवावर लिहितो.

हेलो एकटा काहीच करत नाही. टायटॅनियमची ती कमान साधारण 7 किलोची, बारा टनांच्या आसपास भार सोसते, पण खाली कार्बन फायबरची मजबूत पेटी आहे आणि चालक पट्ट्यांनी तिच्यात आवळून बांधलेला आहे म्हणून. गाडी उलटली तरी माणूस पेटीबाहेर जात नाही. 2022 मध्ये सिल्व्हरस्टोनला झोउ ग्वानयूच्या गाडीचा डोक्यामागचा रोल हूप (गाडी उलटल्यावर भार घेणारी कमान) मोडला, गाडी उलटी घसरत गेली आणि हेलोने त्याला राखलं. 2026 च्या नियमांत रोल हूपवरचा भार 16 जी वरून 20 जी केलाय, त्यामागे असले अनुभव आहेत.

कार्टला पेटीच नाही. नुसत्या नळ्यांचा सांगाडा. उलटली तर चालकाने तिच्यापासून सुटून लांब पडावं हेच बरं, म्हणून पट्टा मुद्दाम देत नाहीत. पट्टा बांधला तर सांगाडा अंगावर येईल. पट्टा न बांधता हेलो लावला तर आपलंच डोकं त्याच्यावर आपटेल. एफ वन अकादमीच्या गाड्या फॉर्म्युला फोरच्या असतात, त्यांना हेलो आहे. भाची तिथवर पोचली की तिलाही मिळेल.

कार्टमध्ये सगळ्यात जास्त मार खातात त्या बरगड्या. सीटच्या काठावर आपटून आपटून. त्यासाठी बरगड्यांचं जॅकेट मिळतं, एफआयएचं (मोटार शर्यतींची जागतिक संघटना) 8870-2018 हे मानक त्यावर लिहिलेलं बघा. सीट अंगाबरोबर हवी. सैल सीटवर फोम कोंबून देतात ते चालवून घेऊ नका.

आता ट्रॅक कसा ओळखायचा. सुझुकाच्या अपघातानंतर 2015 पासून व्हर्च्युअल सेफ्टी कार आली. ट्रॅकवर माणसं किंवा क्रेन उतरायची असेल तर सगळ्या गाड्या ठरलेल्या वेगापर्यंत खाली आणायच्या. हेलो तुमच्या ट्रॅकवर येणार नाही, पण हा नियम येऊ शकतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. तिकीट काढण्याआधी कठड्याबाहेर उभं राहून बघा. एखादी कार्ट गिरकी घेऊन आडवी थांबली की तिथला मुलगा काय करतो? काही ठिकाणी रिमोटने सगळ्यांचा वेग कमी करतात, काही ठिकाणी निदान पिवळा झेंडा दाखवून बाकीच्यांना हळू करायला लावतात. आणि काही ठिकाणी तो चालू कार्टच्या मधून धावत जाऊन ढकलायला लागतो. असं दिसलं की घरी परत या. टायर, चकचकीत कार्ट, टाइम दाखवणारा स्क्रीन हे सगळं नंतर.

प्रतिसाद: बांबोळीची डॉक्टर

मामा, मानेबद्दल मी लिहिते. रात्झेनबर्गरला आणि 2001 मध्ये डेटोनाला अमेरिकन शर्यतचालक डेल अर्नहार्टला कवटीच्या तळाशी फ्रॅक्चर होतं. पट्ट्यांनी धड जागच्या जागी राहतं, डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. हान्स हे खांद्यावरचं उपकरण डोकं त्या वेळी धरून ठेवतं, फॉर्म्युला वनमध्ये ते 2003 पासून सक्तीचं आहे. पण हान्स खांद्याच्या पट्ट्यांखाली दाबून बसतं. पट्टेच नाहीत तिथे ते बसवणार कशाला?

तेव्हा मुलांच्या मानेसाठी आपल्या हातात उरतं ते हेल्मेटचं वजन आणि माप. तेरा वर्षांच्या मुलीची मान मोठ्या माणसाचं जड हेल्मेट झेलायला तयार नसते. मुलांच्या कार्टिंगसाठी स्नेल-एफआयए सीएमआर मानकाची हलकी हेल्मेटं निघतात, घेतलंत तर तेच घ्या. पट्टा लावून हेल्मेट हलवून बघा, गालाची कातडी त्याच्याबरोबर हलली तर माप बरोबर. तुम्ही सांगितलं तसं नुसतं फिरत असेल तर ते परत करा, दुसरं नसेल तर त्या दिवशी कार्ट नको.

आणि हे बहिणीला माझ्यातर्फे नक्की सांगा. कार्टचा मागचा आस उघडा असतो आणि फिरत असतो. केस, ओढणी, जॅकेटची दोरी त्यात अडकू शकते; केस अडकून आपल्या देशात मृत्यू झाले आहेत, तेही भाड्याच्या, कमी वेगाच्या कार्टवर. वेणी घालून, बालाक्लाव्हात (हेल्मेटच्या आतली कापडी टोपी) कोंबून, कॉलरच्या आत. नुसती पोनी चालणार नाही. मुलींना हे कुणी सांगत नाही याचा मला फार राग येतो.

प्रतिसाद: मडगावकर

हायवेवर दुचाकी चालवण्यापेक्षा ट्रॅक बरा. पाठवा बिनधास्त.

प्रतिसाद: धागाकर्ता

मडगावकर, बहिणीला हे सांगून बघितलं आहे. ती म्हणते, रस्त्यावर जावंच लागतं, ट्रॅकवर जावं लागत नाही. मला तिचं पटतं, त्यामुळे हा मुद्दा मी सोडून दिला.

वास्कोकर आणि डॉक्टर, दोघांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी बहिणीला वाचून दाखवले. पट्टा मुद्दाम नसतो हे कळल्यावर ती पहिल्यांदा नीट ऐकायला बसली. तिचं म्हणणं असं, की आधी ती स्वतः येऊन कठड्याबाहेर उभी राहून बघणार, मग ठरवणार. शिबिराचा निर्णय चवथ झाल्यावर.

तोवर दोन गोष्टी कुणी सांगू शकेल का? वाढत्या वयात बरगड्यांचं जॅकेट विकत घ्यावं की शिबिरात चांगलं मिळतं? आणि कोइमतूरला मुलगी पाठवलेले पालक इथे कुणी असतील तर राहायची सोय, सोबत मोठं माणूस राहू देतात का, एवढं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बहिणीला थेट बोलायचं आहे.