गॅलरीत ठेवलेला तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) कुजतो का?

पुणेकर_गरीवाला
राहतो पुण्यात, घर गुहागरकडे. मे महिन्यात आणि गणपतीत दाभोळच्या खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला बसतो, एरवी नाही. यंदा गणपतीत बऱ्यापैकी तांबोशी मासळी लागली, काठापर्यंत आणली आणि तंगूस तटकन तुटला. दगडाला घासला नव्हता, गाठीतूनही सुटला नव्हता, मधूनच गेला. उरलेला हाताने ओढून पाहिला तर शिवणाच्या दोऱ्यासारखा तुटला. ०.४० मिमीचा आहे, दोन वर्षांपूर्वी घेतलेला, वापर सगळा मिळून आठ-दहा दिवसांचा. बाकी वेळ रॉड गॅलरीच्या कोपऱ्यात उभा. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला का?

खाडीकाठचा
गॅलरी कुठल्या दिशेला?

पुणेकर_गरीवाला
पश्चिमेला. दुपारी दोननंतर ऊन थेट आत येतं. पण काका, मासा तर आम्ही उन्हातच पकडतो ना!

खाडीकाठचा
दिवसभराच्या उन्हाने काही होत नाही हो. तुमचा तंगूस दोन उन्हाळे तापत पडला होता! नायलॉनला ऊन आतून ठिसूळ करतं. बिचाऱ्या दुकानदाराला सोडा.

ऊन रीळावरच्या वरच्या थरांना जास्त लागतं. म्हणून आधी पंधरा-वीस वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांइतकी लांबी) काढून टाका. पुढचा दोन बोटांत धरून ओढा. खरखरीत लागला किंवा पांढुरका, पिठूळ दिसला तर आणखी काढा. चांगला वाटला तरी भरवसा ठेवू नका. गाठ मारा, पाण्यात भिजवा, हाताला फडकं गुंडाळा आणि हिसका द्या. भिजवायचं अशासाठी की नायलॉन पाणी पितं आणि ओला थोडा कमीच ताकद धरतो. मासा काही कोरड्या तंगुसाला लागत नाही.

आमचे आबा तंगूस फळकुटावर गुंडाळून माळ्यावर तांदळाच्या कणगीमागे ठेवायचे. मला वाटायचं, आम्हा पोरांपासून लपवतात. तेही होतंच म्हणा, पण तिथे अंधार होता.

मिऱ्या_धक्का
काकांना अनुमोदन. गाडीच्या डिकीतही ठेवू नका, उन्हात ती भट्टी होते. घरी आल्यावर स्पूल काढून गोड्या पाण्यात बुडवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग सुती पिशवीत घालून कपाटात. ओलाच डब्यात कोंडू नका. फार ताणून गुंडाळू नका आणि ड्रॅग (रीळाचा ब्रेक) सैल करून ठेवा, हे मी एक रीळ वाया घालवून शिकलो.

पुणेकर_गरीवाला
मग ब्रेडच (विणलेला दोरा) घेऊ का? दुकानदार म्हणतो, वीस वर्षं बघायला नको.

मिऱ्या_धक्का
वीस वर्षं त्याच्या तोंडात! ब्रेड पाणी पीत नाही, उन्हालाही जास्त टिकतो. पण विणीत खार बसतो, धुतल्याशिवाय सुटका नाही. शिवाय खडकावर घासला की कच खातो. खाडीत वर्षातून दोनदा बसायचं तर तंगूसच बरा. दर गणपतीला नवा भरलात तरी खर्च किती?

खाडीकाठचा
आणि काढलेला तंगूस खाडीत टाकू नका. पाणकावळ्याच्या पायात गुंतलेला मी सोडवलाय, चोच हाताला लागते ती वेगळीच. बारीक तुकडे करून कचऱ्यात घाला.

पुणेकर_गरीवाला
आज बसलो. तीस वाव काढला तेव्हा कुठे खरखर थांबली. खालचा भिजवून हिसका दिला, तुटला नाही, उलट फडक्यातूनही तळव्यावर वळ उठला. रॉड आता बायकोच्या साड्यांच्या कपाटामागे आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.