चियापास आणि रोजावा: दोन्ही लढे एका मापाने मोजता येतील का?

मूळ मुद्दा
मेक्सिकोच्या चियापास राज्यातील माया शेतकऱ्यांचे झापातिस्ता बंड आणि उत्तर सीरियातील कुर्दांचा रोजावा हा स्वशासनाचा प्रयोग, हे दोन्ही मला एकाच जातकुळीचे वाटतात. परक्यांनी ज्यांचा मुलूख वाटून घेतला, त्यांनीच पुढे स्वतंत्र राष्ट्र मागण्याऐवजी कारभार गावसभेकडे सोपवला. झापातिस्तांच्या हद्दीत 'येथे जनता आज्ञा देते आणि सरकार ती पाळते' अशी पाटी असते. तुर्कस्तानच्या तुरुंगातून कुर्द नेते ओजलान यांनी २००५ मध्ये मांडलेला 'लोकशाही महासंघवाद' वेगळे काय सांगतो?

प्रतिसाद १
विचार जुळतो, इतिहास जुळत नाही, आणि हा फरक गौण मानणे मला मान्य नाही. मायांचे दुखणे जमिनीचे आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी त्यांची जमीन बळकावून त्यांना वेठीला धरले, १८२१ मध्ये स्पेनची सत्ता गेली तरी मळेवाल्यांच्या कर्जात अडकलेले मजूर तसेच राहिले, आणि १९९२ मध्ये राज्यघटनेचे २७ वे कलम बदलून सरकारने जमीनवाटप थांबवले, तेव्हा उरलीसुरली आशाही संपली. म्हणूनच अमेरिका आणि कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी, १ जानेवारी १९९४ ला, त्यांनी सान क्रिस्तोबाल शहर ताब्यात घेतले. काहींच्या हातांत तर लाकडी बंदुका होत्या. कुर्दांना असे निव्वळ जित म्हणता येत नाही. १८९१ पासून ऑटोमन सुलतानाच्या हमिदिये पलटणींत कुर्द टोळ्याच होत्या आणि त्यांनी आर्मेनियन शेजाऱ्यांवर अत्याचार केले.

मूळ लेखकाचे उत्तर
हमिदिये पलटणींचा उल्लेख मी करायला हवा होता. पण तुर्कस्तानच्या सीमा ठरवणाऱ्या १९२३ च्या लोझान तहानंतर कुर्दांचे नावच पुसण्यात आले. तुर्कस्तानात क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही कुर्दी लिहायला लागणारी अक्षरे वापरण्यास २०१३ पर्यंत बंदी होती; 'नेवरोज' हा सणाचा शब्द 'व्ही'ऐवजी 'डब्ल्यू'ने लिहिला म्हणून लोकांवर खटले भरले गेले. सीरियात १९६२ च्या जनगणनेत सुमारे १,२०,००० कुर्दांचे नागरिकत्व गेले, आणि नागरिकत्व नाही म्हणजे जमीनही नावावर होत नव्हती. शेवटी प्रश्न जमिनीशीच येऊन ठेपतो.

प्रतिसाद २
जमिनीपर्यंत आपण आलाच आहात, तर ती कोणाची हेही पाहावे लागेल. झापातिस्तांनी बारा दिवसांत लढाई थांबवली, मूलनिवासींच्या हक्कांचा १९९६ चा सान आंद्रेस करार सरकारने पाळला नाही तरी २००३ मध्ये स्वतःची सुशासन मंडळे उभारली, आणि २०२३ मध्ये ती आपणहून बरखास्त करून अधिकार गावांकडे नेले. कुर्दांकडे हा विचार तुरुंगातील एका नेत्याकडून खाली आला. शिवाय रक्कासारख्या अरबबहुल शहराचा ताबा त्यांना २०१७ मध्ये अमेरिकी विमानांच्या मदतीने मिळाला. तेथील अरब शेतकऱ्याला हे स्वराज्य वाटले की आणखी एक परकी सत्ता, हे त्याला विचारल्याशिवाय मी तरी या दोघांना एका रांगेत बसवणार नाही.