घरातल्या तीन कॉम्प्युटरांना मिळून बॅकअपसाठी कुठली डिस्क घ्यावी?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. घर सांगलीत, गावभागात, तळमजला. पुढच्या खोलीत माझं टॅक्सचं ऑफिस. बॅकअप घ्यायचाय तीन मशिनांचा. माझा विंडोज ११ चा लॅपटॉप: टॅली, क्लायंटांची रिटर्न्स, स्कॅन केलेली बिलं, सगळं मिळून २५० जीबी. हॉलमधला विंडोज १० चा म्हातारा डेस्कटॉप: सासऱ्यांनी निगेटिव्हवरून करून घेतलेले फोटो आणि लग्नांच्या कॅसेटींवरून उतरवलेले व्हिडिओ, ६०० जीबी. आणि लेकीचा मॅकबुक एअर, २५६ जीबीचा. ती पुण्याला आर्किटेक्चरला असते, घरी येते ती सणावाराला.

दुकानदार म्हणतो, ताई, ८ टीबीची टेबलावर ठेवायची घ्या, जन्माची ददात मिटेल. दीर म्हणतात, एसएसडीशिवाय (आत फिरतं काही नसलेली, चिपवरची डिस्क) काही घेऊच नका. सासऱ्यांचा एकच प्रश्न, "त्यातले फोटो नुसते उघडून बघता येतील ना?"

क्लाउड सुचवू नका प्लीज. क्लायंटांचे पॅन-आधार बाहेर ठेवायची माझी तयारी नाही. जाणकारांनी सांगावं.

हरभराडाळ

८ टीबी घ्या आणि मोकळ्या व्हा. मॅकवर डिस्क युटिलिटीत दोन पार्टिशनं करायची, एक मॅकच्या फॉरमॅटचं, एपीएफएस, लेकीला, दुसरं दोन्हीकडे चालणारं एक्सफॅट. ते दुसरं विंडोजवर लावून त्याच्या फॉरमॅटचं, एनटीएफएस, करून घ्या. झालं काम.

बार्शीलाईट

पार्टिशन होतं, वाद नाही. पण ताई, लेक पुण्यात आणि डिस्क सांगलीत, मग तिचा बॅकअप दिवाळी ते दिवाळी होणार. आर्किटेक्चरची पोरं सबमिशनच्या आदल्या रात्रीच लॅपटॉप बंद पाडतात. तिला यातून वगळाच. तिच्यासाठी ५०० जीबीची छोटी एसएसडी घ्या, सगळी टाइम मशीनला, म्हणजे मॅकमधल्याच बॅकअपला, देऊन टाका, दप्तरात राहील. मॅकच्या डिस्कच्या दुप्पट जागा असावी असं ॲपलच सांगतं, म्हणजे हिशोब बसतो. दिरांचं म्हणणं इथे बरोबर आहे: सतत हिंडणारी, पडणारी वस्तू म्हणजे एसएसडीच.

घरासाठी मात्र साधी हार्ड डिस्क. तुमचा माल साडेआठशे जीबी. टेबलावरच्या मोठ्या डिस्कला वेगळा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि डिस्क लिहिता लिहिता मध्येच मरते. खिशातली अडीच इंची डिस्क यूएसबीवरच चालते. ती घ्या ४ टीबीची, आणि एक नाही, दोन घ्या. ८ टीबीची एक गेली तर सगळंच गेलं. आणि सांगलीकराला २०१९ च्या ऑगस्टचा महापूर मी सांगायला नको. गावभागातल्या तळमजल्यावर दोन्ही प्रती ठेवून काय उपयोग? एक घरी, दुसरी उंचावरच्या कुणाकडे तरी. दर महिन्याला अदलाबदल.

दोन्ही कायम जोडून ठेवू नका. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतं. त्या म्हाताऱ्या डेस्कटॉपला तर जपाच. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. फोटोच बघायचे असतील तर त्याचं नेट काढून टाका.

चिंचगूळ

+१. ऑनलाइन "१६ टीबी एसएसडी" दोन हजारात दिसली तर हात लावू नका. आत मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं, विंडोजला आकडा खोटा दाखवतात, भरत आलं की जुन्या फाइलींवर नव्या चढतात. कुठलीही डिस्क आणली की आधी एचटूटेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. आणि ४ टीबीची विंडोजला ३.६३ दिसेल, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, एवढंच.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. माहेर विश्रामबागला आहे, दुसरी डिस्क तिकडे आईच्या कपाटात ठेवीन. पण मग क्लायंटांचा डेटा घराबाहेर चालला, त्याचं काय? शिवाय टॅलीचं वेगळं काही करावं लागतं का? आणि सासऱ्यांचा प्रश्न तसाच राहिला.

बार्शीलाईट

सासऱ्यांपासून सुरू करतो. फोटो-व्हिडिओसाठी बॅकअपचं खास सॉफ्टवेअर वापरूच नका. फ्रीफाइलसिंक घ्या, घरगुती वापराला फुकट आहे. फोल्डर जसेच्या तसे कॉपी होतात, दुसऱ्या कुठल्याही विंडोजवर डिस्क लावली की आजोबा माउसने उघडून बघतील. फक्त त्यात "मिरर" निवडलंत तर इकडे डिलीट झालेलं तिकडेही डिलीट होतं. "अपडेट" ठेवा.

लॅपटॉपला विंडोजमधलीच फाइल हिस्टरी लावा. जुन्या आवृत्त्या सांभाळते, एखादं एक्सेल बिघडलं तर परवाचं परत मिळतं. मात्र ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स असली ठरावीक फोल्डरंच घेते. टॅलीचा डेटा सहसा त्यात नसतो. कंपनी निवडायच्या स्क्रीनवर पाथ दिसतो, तो टिपून घ्या. टॅली बंद करून ते फोल्डर डिस्कवर कॉपी करा.

कुलपासाठी विंडोजचंच बिटलॉकर. विंडोज होम असेल तर नवी डिस्क त्याने कुलूपबंद करता येत नाही, प्रो लागतं. होमवर व्हेराक्रिप्ट वापरा, तेही फुकट. डिस्कचे दोन भाग करा: फोटोंचा उघडा, ऑफिसचा कुलूपबंद. म्हणजे आजोबांना पासवर्ड विचारायला तुमच्याकडे यावं लागणार नाही. पासवर्ड वहीत लिहा, पण ती वही आईच्या त्याच कपाटात नको.

पहिली कॉपी डेस्कटॉपच्या मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टवरून करा. पुढचे काळे पोर्ट बहुधा यूएसबी २ असतील, त्यावरून ६०० जीबीला पाच-सहा तास सहज जातील. निळ्यावर दोनेक तासांत होईल. डिस्क चालू असताना हलवायची नाही.

कृष्णाकाठची

पुढे काळेच आहेत, मागे निळे दोन सापडले. ४ टीबीच्या दोन आणि लेकीची एसएसडी, एवढं पक्कं. अदलाबदल महिन्याच्या २१ तारखेला ठेवते, २० ला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरून होतं. पावसाळ्यात मात्र तारीख बघणार नाही. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला लागलं की घरातलीही विश्रामबागला.