प्रतिसाद: 'गो'चा भूतकाळ 'वेंट' का?

एकाने विचारलंय की इंग्रजीतल्या 'गो'चा (जाणे) भूतकाळ 'एड' लावून 'गोड' का होत नाही (किती गोड झाला असता!). तर 'वेंट' मुळात 'गो'चा नाहीच. वळणे, वाट धरणे या अर्थाच्या 'वेंड'चा तो भूतकाळ, 'सेंड-सेंट'सारखा. जुन्या इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ 'एओदे' होता. तो मागे पडला आणि साधारण १५व्या शतकापर्यंत 'वेंट'ने ती जागा बळकावली. मग 'वेंड'ला 'वेंडेड' हे नवं रूप चिकटलं.

'गॉन' मात्र 'गो'चंच अस्सल रूप, म्हणून 'हॅव'नंतर तेच. 'डिड नॉट वेंट' चूक, कारण भूतकाळ 'डिड'नेच दाखवून झालेला असतो.

मराठीतही हाच प्रकार आहे: 'जातो' संस्कृत 'या' धातूवरून, 'गेला' मात्र 'गम्'च्या 'गत'वरून.